आकाशातून वारा मोजताना



नाशिक रोडला समुद्रावरच्या वाऱ्याविषयी व्याख्यान, आणि तेही युनियनच्या माणसाचे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आपल्या गावात रेल्वे आहे, नोटांचा आणि तिकिटांचा छापखाना आहे, एकलहऱ्याचे वीज केंद्र आहे. समुद्र तेवढा नाही. तो सह्याद्रीच्या पलीकडे, सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास राहिला. पण छापखान्यातल्या मंडळींना विचारा. पावसाळी हवा सुटली की कागद ओलावा पितो, पसरतो, आणि एका रंगावर दुसरा रंग बिनचूक बसविणे कठीण होते. तो ओलावा येतो कोठून? अरबी समुद्रावरून. आमचा द्राक्षवाला आणि कांदावाला आभाळाकडे डोळे लावून बसतो, तेही त्याच समुद्रावरच्या वाऱ्यासाठी. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि त्याचा वारा-पाऊस घाट ओलांडून नाशिक जिल्ह्यातही आला. तेव्हा समुद्र आपल्याला दिसत नसला, तरी त्याचा आपला संबंध रोजचा आहे.

आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे जे आम्ही स्वतः पायरी पायरीने समजून घेतले, तेवढेच आपल्यापुढे मांडणार आहोत. या विषयाकडे आम्ही वळलो ते कामगार चळवळीच्या वाटेनेच. चळवळीत उमेदवारी करताना आम्हांला पहिला धडा मिळाला तो असा की, ज्याचे माप नाही त्याचा हिशेब नाही. आठ तासांचा दिवस मागावयाचा तर आधी घड्याळ लागते. पाठीवर किती ओझे असावे हे ठरवावयाचे तर तराजू लागतो. ‘फार उकडते’ असे म्हणून मालक ऐकत नाही. भिंतीवर तापमापक लावला आणि आकडा दाखविला, म्हणजे निदान बोलणी तरी सुरू होतात. समुद्रावर काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र हे माप हजारो वर्षे नव्हतेच. वारा किती आहे, लाट केवढी आहे, हे ज्याच्या अंगावर ती येई त्यालाच कळे. आणि पुष्कळदा सांगावयाला तो परत येत नसे.

१७ जुलै १९४७ ही तारीख कोकणातल्या जुन्या घरांतून अजून विसरलेली नाही. त्या दिवशी आषाढी अमावस्या होती. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेच्या वर माणसे बुडाली. गिरण्यांत आणि गोदीत राबणारे, सणाला गावी निघालेले पुष्कळ लोक त्यांत होते. मुंबई बंदर दृष्टीच्या टप्प्यात असताना हे घडले, आणि तरीही मुंबईला बातमी कळावयाला कित्येक तास लागले. पुढच्या मैलभर पाण्यात काय चालले आहे हे जाणण्याचे साधन त्या बोटीपाशी तरी कोठले असणार?

हवामानाचे शास्त्र आपल्या देशात नव्हते असे नाही. १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आले, त्यानंतर दुष्काळ पडले, आणि अखेर १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही त्याच साली. पण जमिनीवर वेधशाळा बांधता येते. समुद्रावर ती कोठे बांधणार? तेथे आधार होता तो जहाजांच्या रोजनिशीचा. कप्तान वारा पाही, लाट पाही, आणि अंदाजाने नोंद करी. यात एक मोठी गोम होती. शहाणे जहाज वादळापासून दूर पळते, आणि सापडलेल्या जहाजाची नोंदवही कित्येकदा त्याच्याबरोबर तळाशी जाते. म्हणजे जेथे मापाची सर्वांत अधिक गरज, नेमकी तेथलीच नोंद सर्वांत कमी.

आता हे माप आकाशातून कसे घेतात ते पाहू. त्याची सुरुवात एका त्रासातून झाली. दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम करणाऱ्यांना शत्रूचे जहाज शोधावयाचे असे. पण समुद्राच्या पृष्ठभागावरून नको असलेले प्रतिध्वनी येत आणि जहाजाची खूण त्यांत हरवून जाई. वारा वाढला की हा गोंगाट वाढे. काही लोकांनी त्या त्रासाकडे उलट्या बाजूने पाहिले. वाऱ्याबरोबर जर हा गोंगाट वाढत असेल, तर गोंगाट मोजून वारा का काढू नये? १९७३ साली अमेरिकेच्या स्कायलॅबवरून हा प्रयोग अंतराळातून झाला. १९७८ साली सीसॅट नावाचा उपग्रह खास समुद्रासाठी सोडला गेला. तो जेमतेम शंभर दिवस चालला आणि विजेच्या बिघाडाने बंद पडला. पण समुद्र आकाशातून मोजता येतो हे त्याने सिद्ध केले.

या उपकरणाला स्कॅटेरोमीटर म्हणतात. आपण त्याला विखुरमापी म्हणू. गुळगुळीत फरशीवर तिरका चेंडू टाका. तो पुढे निघून जाईल, तुमच्याकडे परत येणार नाही. तोच चेंडू खडीवर टाका. तो कोठेही उडेल, आणि दहांतला एखादा तुमच्याकडेही येईल. शांत पाणी फरशीसारखे असते. वारा सुटला की त्यावर एक-दोन सेंटीमीटरांच्या बारीक लहरी उठतात. गोदाकाठी झुळूक आली की पाण्यावर शहारा येतो, तोच हा प्रकार. उपग्रह वरून तिरक्या रडारलहरी सोडतो. वारा जितका जोरकस, तितका पाण्याचा खडबडीतपणा अधिक आणि तितका परत येणारा अंश अधिक. तो अंश मोजला की वाऱ्याचा वेग निघतो. उपग्रह स्वतःच लहरी सोडीत असल्यामुळे त्याला सूर्यप्रकाश लागत नाही. ढग आड आले तरी चालते, रात्र असली तरी चालते.

वाऱ्याची दिशा कशी कळते? कांद्याच्या शेतातले सरी-वरंबे डोळ्यांपुढे आणा. रात्री बॅटरीचा झोत सरीच्या लांबीने टाकला तर तो सरीतून पुढे निघून जातो. तोच आडवा टाकला तर प्रत्येक वरंब्यावर आपटून उजळतो. समुद्रावरच्या लहरींचेही तसेच आहे. म्हणून एकच जागा निरनिराळ्या बाजूंनी पाहावी लागते. यासाठी उपकरणाची थाळी गरगर फिरत राहते. उपग्रह पुढे जाताना तीच जागा आधी समोरून व नंतर मागून पाहतो, आणि त्या उत्तरांची तुलना करून वारा नैर्ऋत्येचा की वायव्येचा हे ठरवितात. कधी वारा येतो आहे की जातो आहे एवढा संशय उरतो. तो आजूबाजूच्या नोंदी आणि हवामानाचे गणित यांच्या साह्याने फेडतात.

लाटेची उंची मोजणारे उपकरण वेगळे आहे. त्याला अल्टिमीटर म्हणजे उंचीमापी म्हणतात. ते सरळ खाली स्पंद सोडते आणि प्रतिध्वनीची वाट पाहते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की फाटकातून माणसे कशी बाहेर पडतात ते आपण रोज पाहतो. सगळे एकाच अंतरावर काम करीत असतील तर लोंढा एकदम येतो. कोणी फाटकाशी आणि कोणी दूरच्या खात्यात असेल तर गर्दी हळूहळू वाढते. सपाट समुद्रावरून प्रतिध्वनी एकदम येतो. लाटा असतील तर आधी शिखरावरून येतो आणि मग दरीतून, म्हणून तो चढत चढत येतो. त्या चढणीच्या पसरटपणावरून लाटेची उंची काढतात. एक मीटर उंचीच्या फरकाने प्रतिध्वनीला जो उशीर होतो तो किती? सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतले सुमारे सात भाग! अर्थात प्रत्येक लाट वेगळी मोजीत नाहीत. त्या भागातल्या सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी सांगतात. म्हणून ‘तीन मीटर लाट’ असे ऐकले तर त्याहून उंच लाट येणारच नाही असे कोणी समजू नये.

या कामात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अहमदाबादच्या केंद्रात विखुरमापी तयार झाला आणि २३ सप्टेंबर २००९ रोजी ओशनसॅट-२ या उपग्रहाबरोबर श्रीहरिकोट्याहून वर गेला. थाळीचा व्यास सुमारे एक मीटर. उंची ७२० किलोमीटर. आणि एका फेरीत समुद्राचा सुमारे १८०० किलोमीटर रुंदीचा पट्टा नजरेखाली. दोन दिवसांत जवळजवळ साऱ्या जगाचे समुद्र पाहून होत. योगायोग असा की, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या क्विकस्कॅट उपग्रहाची थाळी फिरावयाची थांबली, आणि आपल्या उपग्रहाची मापे अमेरिकेने व युरोपनेही वापरली. पुढे २५ फेब्रुवारी २०१३ रोजी फ्रान्सच्या सहकार्याने ‘सरल’ नावाचा उपग्रह गेला. समुद्राची पातळी आणि लाट मोजणे हे त्याचे काम.

परंतु यंत्र म्हटले की झीज आली. फेब्रुवारी २०१४ मध्ये ओशनसॅट-२ चा विखुरमापी बंद पडला. त्याच्या जागी स्कॅटसॅट-१ गेला तो २६ सप्टेंबर २०१६ रोजी. म्हणजे मध्ये अडीच वर्षे आपले स्वतःचे उपकरण नव्हते. तोही फेब्रुवारी २०२१ मध्ये निकामी झाला, आणि नवा विखुरमापी ओशनसॅट मालिकेतल्या तिसऱ्या उपग्रहाबरोबर २६ नोव्हेंबर २०२२ रोजी वर गेला. या दोन्ही खंडांत युरोपच्या उपग्रहांची मापे आपल्या उपयोगी पडली. समुद्रावरचा वारा कोणा एका देशाचा नाही, आणि त्याचे माप राष्ट्रे एकमेकांना देतात. भांडणाच्या बातम्यांनी भरलेल्या जगात ही एक समाधानाची गोष्ट मानावी.

या मापाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उपग्रह एका जागी टांगलेला नसतो. तो एखाद्या ठिकाणावरून जातो आणि पुन्हा येईपर्यंत कित्येक तास, कधी दिवसही लोटतो. किनाऱ्याजवळ जमिनीचा प्रतिध्वनी मिसळतो, म्हणून काठालगतच्या पट्ट्यात माप विश्वासाचे राहत नाही. आणि लहान होड्या तर तेथेच असतात. मुसळधार पाऊस प्रतिध्वनी बिघडवितो. वादळाच्या गाभ्यात पाणी इतके खवळलेले असते की, वारा आणखी वाढला तरी खडबडीतपणात फारसा फरक पडत नाही, आणि उपकरण वेग कमी सांगते. म्हणून खाली पाण्यात तरंगणारे बोये लागतात. रत्नागिरीसमोरच्या समुद्रातही लाटा मोजणारा असा बोया ठेवलेला आहे. वरचे माप खालच्या मापाशी ताडून पाहावयाचे, मग त्यावर भरवसा ठेवावयाचा. हैदराबादला १९९९ साली स्थापन झालेले महासागर माहिती सेवेचे राष्ट्रीय केंद्र ही सारी मापे गणितात घालून पुढच्या दिवसांची लाट आणि वारा किती, याचा अंदाज किनाऱ्यावर पाठविते.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. माप मिळाले. ते माणसापर्यंत पोहोचते का? आणि पोहोचल्यावर त्याचा उपयोग करण्याची मुभा त्याला असते का?

११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ कोकणावर आले, तेव्हा आपला ओशनसॅट वर जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. रत्नागिरीचे मच्छीमार त्यात बेपत्ता झाले. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर कन्याकुमारीजवळ ओखी वादळ झपाट्याने वाढले, तेव्हा दक्षिणेतले मच्छीमार आधीच कित्येक दिवसांसाठी खोल समुद्रात गेलेले होते. मोबाइलची हाक किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते; पुढे इशारा द्यावयाचा कोणाच्या तोंडून? केरळ-तमिळनाडूच्या साठाहून अधिक नौका, नऊशेहून अधिक माणसांसह, आपल्या सिंधुदुर्गातल्या देवगड बंदराच्या आश्रयाला आल्या. सगळेच इतके सुदैवी नव्हते. त्या धड्यानंतर २०१९ साली जेमिनी नावाचे लहानसे उपकरण काढण्यात आले. मोबाइलच्या पलीकडे गेलेल्या नौकेला उपग्रहामार्फत इशारा देणे हे त्याचे काम.

इशारा न पोहोचल्याने माणसे जातात, ही एक गोष्ट. इशारा पोहोचूनही माणसे जातात, ही दुसरी. आणि ती अधिक बोचणारी आहे. मे २०२१ मधले तौक्ते वादळ आठवा. मघाशी सांगितल्याप्रमाणे त्या वेळी आपला विखुरमापी बंद होता. तरीही इतर उपग्रहांच्या आधारे हवामान खात्याचे इशारे वेळेवर निघाले. वादळाला नाव मिळण्यापूर्वीच समुद्रात जाऊ नका, गेलेल्यांनी परत या, असे सांगून झाले होते. मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा तराफा होता. त्याला स्वतःचे इंजिन नव्हते. कामगारांच्या राहण्याची ती तरंगती चाळच म्हणा ना! तिच्यावर २६१ माणसे होती. त्या भागातली काही जहाजे वेळीच सुरक्षित ठिकाणी गेली; हा तराफा समुद्रातच नांगर टाकून राहिला. वादळात नांगर तुटले, तराफा भरकटून तेलफलाटावर आपटला, आणि १७ मे रोजी बुडाला. नौदलाच्या जवानांनी जिवावर उदार होऊन शंभराहून कितीतरी अधिक माणसे पाण्यातून काढली. पण सत्तरांहून अधिक कामगार गेले. दोष कोणाचा हे ठरविणे चौकशी करणाऱ्यांचे आणि न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. आम्ही एवढेच विचारतो: त्या २६१ जणांपैकी कितींना ‘आम्हांला किनाऱ्यावर न्या’ असे म्हणण्याचा अधिकार होता?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे शास्त्र सांगते. पण इशाऱ्याला तोलणारा दुसराही एक दाब असतो, आणि तो कोणत्याच उपग्रहाला दिसत नाही. कंत्राटदाराला दिवस मोडण्याचा खर्च दिसतो. तांडेलाला नौकेच्या कर्जाचा हप्ता दिसतो. खलाशाला घरची चूल दिसते. इशारा येतो आणि वादळ वाट बदलून दुसरीकडे जाते, असेही घडते. मग ‘उगाच दिवस बुडाला’ म्हणून लोक चिडतात, आणि पुढच्या इशाऱ्याकडे कानाडोळा करतात. आम्ही त्यांना अडाणी म्हणणार नाही. ज्याची रोजची मिळकत रोज संपते, त्याला तुम्ही ‘घरी बस’ म्हणता, तेव्हा त्या बसलेल्या दिवसाचे पैसे कोण देणार हेही सांगितले पाहिजे. ते न सांगता दिलेला इशारा हा पोट भरलेल्याने उपाशी माणसाला केलेला उपदेश होय.

धोका दिसताच काम थांबविण्याचा हक्क ही काही आमची नवी मागणी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ सालच्या १५५ क्रमांकाच्या करारात हे तत्त्व नमूद आहे की, जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असे वाजवी कारणाने वाटून जो कामगार कामावरून बाजूला होतो, त्याला त्याबद्दल शिक्षा होता कामा नये. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, आपल्या कारखाना कायद्यातही धोकादायक प्रक्रियांच्या बाबतीत येऊ घातलेल्या धोक्याची सूचना देण्याचा कामगारांचा हक्क मान्य झाला. पूर्वी अशा हक्कावर एक आक्षेप घेतला जाई: धोका आहे हे ठरवावयाचे कोणी? कामगार तर कामचुकारपणासाठीही धोक्याचे नाव सांगेल! समुद्रापुरते तरी या आक्षेपाचे उत्तर आता शेकडो किलोमीटर उंचीवरून मिळते. तो आकडा कामगाराचा नाही, मालकाचा नाही, युनियनचाही नाही. वारा अमुक वेगाच्या वर जाणार असे सरकारी केंद्राने सांगितले की काम थांबेल, माणसे किनाऱ्यावर येतील, आणि त्या दिवसाची मजुरी मिळेल, हे कराराच्या कागदावर आधीच लिहून ठेवता येते. मच्छीमाराला मालक नसतो. त्याच्या बुडालेल्या दिवसासाठी सोसायटीने आणि सरकारने मिळून निधी उभारावा. पावसाळ्यात जूनपासून दोन महिने मासेमारी बंद ठेवावयाची हे आपला समाज मानतोच. मग वादळाचे चार दिवस मानणे अशक्य का असावे?

बंदरावर धोक्याची खूण म्हणून बावटा लावतात. तीन नंबरचा बावटा लागला, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. बावटा हा शब्द आमच्या चळवळीला परका नाही. आम्ही फाटकावर बावटा लावतो तेव्हा त्याचा अर्थ असतो, ‘थांबा, आधी माणसाचा विचार करा.’ बंदरावरच्या बावट्याचाही अर्थ तोच आहे. फरक एवढाच की, एक वारा पाहून लावतात आणि दुसरा अन्याय पाहून. जेथे वारा आणि अन्याय एकत्र येतात, तेथे दोन्ही बावटे शेजारी शेजारी लागले पाहिजेत.

शास्त्रज्ञांनी आपले काम केले आहे. अहमदाबादला ज्यांनी ती थाळी घडविली, श्रीहरिकोट्याहून ज्यांनी ती वर पाठविली, हैदराबादला जे रात्रपाळी करून आकडे काढतात, तेही कामगारच आहेत. त्यांनी समुद्राचे माप आपल्या हातात दिले आहे. त्या मापाप्रमाणे थांबलेल्या माणसाची चूल विझू न देणे हे राहिलेले काम मात्र जमिनीवरचे आहे, आणि ते कोणताही उपग्रह करणार नाही. त्यासाठी आपण सारे नागरिक आहोत. समुद्रापासून दूर राहणाऱ्या नाशिक रोडकरांनी या गोष्टीचा विचार करावा, एवढीच विनंती.